न वापरण्याचा धर्म
लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पडणारं पाणी उताराने पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं. टाटांनी ते अडवलं, नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरवलं आणि 1915 साली त्यावर वीज केली. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, आणि केंद्रातून सुटलेलं पाणी पुढे पाताळगंगेला मिळालं. उपयोगाच्या हिशेबाने काम चोख झालं. कर्जत-खालापुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांना परिसंस्थेचा धडाही बहुधा याच हिशेबात कळतो: जंगल पाणी मुरवतं, माती धरून ठेवतं, म्हणून राखायचं. पण उद्या त्याहून मोठा उपयोग समोर आला, तर राखण्याचं कारणच संपलं का?

कर्जतच्या वर, भीमाशंकर-आहुप्याच्या देवरायांत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांत, या प्रश्नाचं जुनं उत्तर आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया अभ्यासल्या. अनेक रायांत वाळलेली काडीही उचलायची नाही, असा दंडक असे. वठलेल्या झाडात सुतारपक्षी ढोली कोरतो, मग तिथे पोपट किंवा पिंगळा घर करतो. खोड पडलं की वाळवी आणि बुरशी त्याची माती करतात. हे सारं जीवशास्त्र सांगतं. मात्र ते खोड आपल्या चुलीसाठी नाही, हे ठरवणं शास्त्राच्या कक्षेबाहेरचं आहे. तिथे नीती लागते.

यावर कोणी म्हणेल, ही नीती नव्हे, देवाच्या कोपाची भीती. भीती होतीच, आणि ती ओसरली तशी भक्तांनीच जीर्णोद्धाराच्या नावाखाली झाडं तोडून सिमेंटची देवळं बांधली. म्हणून तर मर्यादेला भीतीहून पक्का आधार हवा: जे आपण घडवलं नाही आणि पुन्हा घडवू शकत नाही, त्यावर आपला पूर्ण हक्क नाही. हे पटायला देव मानावाच लागतो असं नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: सरपणावर जगणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांना ‘हात लावू नका’ सांगणं सोपं असतं. पण राईचा दंडक गावाने स्वतःवर घातला होता, आणि तोही जंगलाच्या एका तुकड्यापुरता. बाकीच्या रानावर गाव जगत होतं. उलट, फार्महाऊसचा मालक कातकऱ्याला जंगलाचे धडे देतो तेव्हा त्यात नीती उरत नाही. म्हणून आराखडा काढणाऱ्या अभियंत्याने नफ्याची बेरीज मांडण्याआधी, आपण कशाला हात लावणार नाही ते लिहावं, आणि त्याची झळ आधी आपल्याला लागेल असं पाहावं.