सैनिकाचे आभार कशाने मानायचे?

सैनिकाला सलाम ठोकायला काही खर्च येत नाही. अमेरिकेत ‘तुमच्या सेवेबद्दल आभार’ हे वाक्य लोकांच्या अगदी तोंडात बसलेलं आहे. विमानतळावर, दुकानात, सामन्याआधी मैदानावर, कुठेही ते ऐकू येतं. आपल्याकडे २६ जानेवारीचं स्टेटस असतं. दोन्हीकडे सोय एकच: म्हणणाऱ्याचं काही जात नाही, आणि ऐकणाऱ्याच्या आयुष्यात काही बदलत नाही. मग आभार खरे कधी होतात?

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेतल्या पाइप फिटरांच्या युनियनने दिलं आहे. तत्त्वज्ञान म्हणून नाही, कामाची गरज म्हणून. ‘युनायटेड असोसिएशन’ ही प्लंबर, पाइप फिटर आणि वेल्डर यांची युनियन १८८९ सालची. २००८ मध्ये तिने ‘व्हेटरन्स इन पायपिंग’ हा उपक्रम सुरू केला. सैन्यातून बाहेर पडू घातलेल्या माणसाला १८ आठवड्यांचं प्रशिक्षण, तेही अनेकदा लष्करी तळावरच. फी नाही. ते पूर्ण केलं की थेट अप्रेंटिसशिप, म्हणजे पगार घेत घेत पक्का कारागीर होण्याची वाट.

तुम्ही म्हणाल, यात उपकार कसले? युनियनला तरुण हात हवेत. नौदलाला पाणबुड्या हव्यात आणि त्या बांधणारे कारागीर कमी पडताहेत. हा तर सरळ व्यवहार झाला.

व्यवहार आहेच. पण माझ्या मते तो या आभारांचा दोष नाही, तेच त्यांचं बळ आहे. गणवेश उतरल्यावर माणसाचा नुसता पगार जात नाही. ‘माझ्यावाचून कोणाचं तरी अडतं’ ही जाणीवही जाते. हार-तुऱ्यांनी ती परत येत नाही, कारण सत्कारात तो फक्त घेणारा असतो. ज्याची खरोखर गरज आहे, त्यालाच बरोबरीचं स्थान मिळतं.

पाणबुडीच्या नळाला माणसाची किती गरज असते, हे ‘थ्रेशर’च्या कथेवरून कळतं. १० एप्रिल १९६३ रोजी ही अमेरिकी अणुपाणबुडी केप कॉडच्या पूर्वेला सुमारे ३५० किलोमीटरवर खोल पाण्यातली चाचणी देताना बुडाली. १२९ जण गेले. त्यात १७ जण नौदलाचे नव्हते, गोदीतले आणि कंपन्यांचे लोक होते. चौकशी मंडळाने काढलेला निष्कर्ष असा: बहुधा इंजिन-विभागातला समुद्राच्या पाण्याचा एक नळ जोडाशी निकामी झाला, फवाऱ्याने विजेची यंत्रणा बिघडली आणि अणुभट्टी बंद पडली. पुढे काही तज्ज्ञांनी वेगळा क्रमही मांडला आहे. पण एक गोष्ट कागदावर आहे. त्या पाणबुडीत चांदीच्या डाखाने केलेले हजारो जोड होते. बुडण्याआधीच्या दुरुस्तीत अल्ट्रासोनिक यंत्राने १४५ जोड तपासले, तेव्हा त्यातले सुमारे १४ टक्के कमअस्सल निघाले. वेळापत्रक पुढे सरकत होतं. उरलेले जोड तसेच समुद्रात गेले.

इथे नैतिक प्रश्न जोडाचा नाही, ‘थांबा’ म्हणण्याचा आहे. कोणीतरी म्हणायला हवं होतं, की बाकीचे तपासल्याशिवाय ही पाणबुडी हलणार नाही. त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने ‘सबसेफ’ ही पद्धत आणली. तिचं सार सोपं आहे: माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, हे चालणार नाही. महत्त्वाच्या प्रत्येक जोडाचा माल कुठला, काम कोणी केलं, तपासलं कोणी, याचा पुरावा हवा.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. सैनिकाला आयुष्यभर शिकवलं जातं ते हुकूम पाळायला. कारागिराचं मोठेपण नेमकं उलट ठिकाणी असतं. साहेब घाईत असला तरी ‘हा जोड बरोबर नाही, मी सही करणार नाही’ म्हणण्यात. आणि हे म्हणायला नुसती हिंमत पुरत नाही. पाठीशी युनियन लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागतं. म्हणून मला वाटतं, सैनिकाला देता येणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नकार देता येईल असं काम.

एक आक्षेप तरीही उरतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. अमेरिका सध्या बांधत असलेल्या कोलंबिया वर्गाच्या पाणबुड्या अण्वस्त्रं वाहणार आहेत. आतल्या खलाशांना जिवंत ठेवणारा निर्दोष जोड उद्या लाखोंच्या मृत्यूलाही हातभार लावू शकतो. फिटर यातून सुटतो का? पूर्णपणे नाही. ‘मी फक्त नळ जोडला’ हे ‘मी फक्त हुकूम पाळला’चंच धाकटं भावंडं आहे. पण त्याच्या हातात एक गोष्ट आहे. हेच कौशल्य इस्पितळाच्या ऑक्सिजनच्या लाइनलाही लागतं, दूध डेअरीलाही लागतं. गोदी सोडून तो तिकडे जाऊ शकतो. निवड करता येते तेव्हाच जबाबदारी खरी होते, आणि कौशल्य नसलेल्या माणसाला बहुतेकदा निवडच नसते.

हा प्रश्न आपल्यापासून फार लांब नाही. आपल्या शहरांत एटीएमबाहेर आणि सोसायटीच्या गेटवर कितीतरी माजी सैनिक उभे असतात. काम प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा नाही. पण रडार सांभाळलेल्या किंवा इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाकडून आपण फक्त गाड्यांचे नंबर लिहून घेतो. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतील. बाकीचे तुमच्याच वयाचे असतील, तुमच्याच गावात परततील.

त्यांच्यासाठी स्टेटस तयारच असेल. त्यांना शिकवणारा उस्ताद, पगारी उमेदवारी आणि पाठीशी उभी राहणारी संघटना कोण तयार ठेवतंय, ते मात्र विचारायला हवं.