दुसरा बाण





मागच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर भांडी पुसता पुसता एक ताई हळूच म्हणाली, "आई स्तनाच्या कॅन्सरने गेली, मावशीही त्यानेच. मागच्या जन्मी आमच्या घराण्याने काय पाप केलं असेल?" (तिच्या परवानगीनेच लिहिते आहे.)

बाबासाहेबांच्या लेकीच्या तोंडी हा प्रश्न! पण मी रागावले नाही. भीती माणसाला जुन्याच दाराशी नेऊन उभी करते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारताना बाबासाहेबांनी आनुवंशिकतेचाच आधार घेतला आहे. तथागतांनीही सीवक परिव्राजकाला सांगितलं होतं, की पित्त, कफ, वात, ऋतुबदल यांनीही वेदना होतात. सगळंच पूर्वकर्माचं फळ मानणं चूक आहे. बीआरसीए नावाच्या दोन जनुकांपैकी एकात दोष असेल, तर तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. वडिलांकडूनही जातो, म्हणून आजी-आत्याचे आजारही आठवा. यात पाप कुठे आलं? आणि दोष असणं म्हणजे कॅन्सर होणारच, असंही नाही.

सल्ल सुत्तात दोन बाण आहेत: एक शरीराला लागतो, दुसरा मनाला. ताईला पहिला लागलेलाच नाही, पण दुसरा रोज रात्री सलतो. "मन शांत ठेव, ध्यान कर," एवढं सांगून आपण मोकळे होतो, ते बरं नव्हे. ध्यान करावंच, पण बाण काढायला वैद्यही लागतो.

इथे नेदरलँड्समध्ये तपासणीचं सरकारी पत्र ५० ते ७५ वयाच्या स्त्रियांना येतं. ताई ३४ वर्षांची आहे. तिने पत्राची वाट पाहू नये. हाउसआर्ट्सना घराण्याचा इतिहास सांगितला, की गरजेप्रमाणे ते आनुवंशिकता विभागाकडे पाठवतात. तिथे रक्त घेण्याआधी बोलणं होतं, मनाच्या त्रासासाठीही मदत मिळते. चाचणी करायची की नाही, हे आपणच ठरवायचं. दोष निघालाच, तर २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय करतात.

ताईची खरी अडचण वेगळीच निघाली. निकाल वाईट आला, तर नागपूरच्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगायचं कसं? तिचं लग्न ठरतंय.

मंगळवारी मी तिच्यासोबत हाउसआर्ट्सकडे जाते आहे. प्रश्न तिने मराठीत कागदावर लिहून ठेवलेत. बहिणीचा प्रश्न सगळ्यात वर आहे.

भवतु सब्ब मंगलं.