बाळंतिणीची खोली आणि आपली सेवा

घरी बाळ येणार म्हटले की पाळणा, दुपटी, झबली, डिंकाचे लाडू अशी तयारी होते. खोली स्वच्छ करावी, उजेड-वारा खेळता ठेवावा. धुरी मात्र देऊ नये. कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. पण बाळंतिणीची झोप कुणाच्या यादीत असते? सव्वा महिना तिला स्वयंपाकातून मोकळे ठेवा. रात्री बाळाचे लंगोट पतीने बदलावेत, तीही सेवाच आहे. पहिल्या आठवड्यात पुष्कळ जणींना कारणाशिवाय रडू येते. तेव्हा ‘नाम घे, बरे वाटेल’ एवढे सांगून उठू नका, जवळ बसा. रडणे दोन आठवड्यांहून लांबले तर डॉक्टरांकडे न्या. त्या दिवशी सत्संग चुकला तरी चालेल.