मातीला कोणी यायचं?

नांदेडात सासऱ्यांची माती दुपारी चारला, गोवर्धन घाटावर. धाकटा दीर पुण्याहून निघालाय. तोवर सुनेला ठरवायचंय, सात वर्षांची लेक घाटावर जाणार की शेजारच्या घरी टीव्हीपुढे बसणार. शेजारचे गुरुजी मूळचे औसा तालुक्यातले, लिंगायत. तेच बोलायला सापडले.

सून : सगळे म्हणतात, पोरगी झोपेत दचकेल. सांगून टाका, आजोबा गावाला गेले.

गुरुजी : मग उद्यापासून ती एसटीची वाट बघेल.

सून : खरंय. बी.एड.ला मारिया नागी वाचल्या होत्या. हंगेरीतल्या मुलांविषयी त्यांनी 1948 साली लिहिलं : पाचाच्या आतली मुलं मरण म्हणजे झोप नाहीतर प्रवास समजतात. माझी त्यातून नुकती बाहेर पडतेय, तिला मीच परत आत ढकलू? पण म्हणून सरण दाखवायचं?

गुरुजी : आमच्याकडं अवघड नाही. देहाला विभूती लावून बसवायचं, भजन म्हणत न्यायचं. खड्ड्यातही मांडी घालूनच, हातात इष्टलिंग. जंगम विधी करतात, मग सगळे बेल वाहतात, माती लोटतात. पोरंसुद्धा. बेल वाहायला वय लागत नाही.

सून : तुमच्याकडं माती, गुरुजी. आमच्याकडं आग. आजोबांच्या मिशा पेटलेल्या तिनं बघायच्या?

गुरुजी : नुसतं बघायचं असेल तर नकोच. किल्लारीच्या पोरांनी कमी बघितलं का? 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बुडवले आणि पहाटे चारच्या आत गाव जमीनदोस्त. एकेका सरणावर अनेक देह. काही पोरांनी सगळं बघितलं, काहींना आई दिसलीच नाही. हातात फूल देऊन ‘वाहा’ म्हणायला उसंत कुणाला होती? पुढं भारतीय जैन संघटनेनं 1,200 च्या आसपास मुलं पुण्याला शिकायला नेली. फार मोठं काम झालं ते. पण निरोप राहिला तो राहिलाच.

सून : म्हणजे बघण्यानं नाही, हात रिकामा राहिल्यानं बाधतं?

गुरुजी : मला तसं वाटतं.

सून : मग मुलग्यांचं सांगा. कर्जापायी बाप गेला की आपल्याकडं सात वर्षांच्या पोराच्या खांद्यावर मडकं देतात. त्याचा हात काही रिकामा नसतो. तो दचकेल का, हे कुणी विचारतं? पोरगी हळवी म्हणून घरात, पोरगा वारस म्हणून पुढं. आपल्याला काळजी मुलांची नाहीच, रीतीची आहे.

(गुरुजी इथे अडले. अडायलाच हवं होतं.)

गुरुजी : मान्य. मग तिलाच विचारा.

सून : एवढ्याशा पोरीवर निर्णय टाकू? उद्या घाबरली तर म्हणेल, मीच हट्ट केला होता.

गुरुजी : सगळा नका टाकू. आधी काय दिसणार ते सांगा. अंग गार लागेल, बाबा रडतील, धूर होईल, आजोबांना चटका बसणार नाही. मग विचारा, फूल इथंच वाहतेस का घाटावर?

सून : आणि तिथं तिच्याजवळ कोण? बायकांना नेत नाहीत, तिचे बाबा अग्नी देणार.

गुरुजी : मी थांबतो. मला तिथं दुसरं काम नाही. ती ‘घरी चला’ म्हणाली की विधी अर्धवट असला तरी निघेन.

सून : तुम्हाला नावं ठेवतील.

गुरुजी : ठेवू द्या.

सून : आणि ‘शेवटपर्यंत थांबायचं’ म्हणाली तर? कवटी फुटेपर्यंत?

गुरुजी : नाही. अग्नी दिला की फिरायचं.

सून : म्हणजे जायचं तिनं ठरवायचं, परतायचं तुम्ही.

गुरुजी : लवकर परतायचं तीही ठरवू शकते. उशिरा नाही.

सून : आणि मलाच यायचं असेल तर?

गुरुजी : ते मला नका विचारू, ताई. दिराला यायला अजून तासभर आहे. सासूबाईंशी बोला.