पालथं होडकं

चार महिने माझ्या अंगणात बारा फुटांचं होडकं पालथं पडून होतं. साच्यावर ते उपडं रचणं सोपं जातं. प्लायच्या पट्ट्या वरून वाकवून फासळ्यांवर बसवता येतात, आणि बुडाला रंधा मारायला माणसाला उताणं झोपावं लागत नाही. परतवाड्यात मेळघाटचं सागवान डेपोत येतं, आरा मशीनवर चिरलं जातं, त्याचे पलंग आणि चौकटी होतात. मी एक पट्टी होडीच्या कण्याला लावली तर शेजारी विचारायचे, "कोंबड्यायसाठी एवढं मोठं खुराडं काऊन, भाऊ?" कोंबड्यांनी तोवर आत मुक्काम ठोकलाच होता.

होडकं सुलटं करायला रविवारी सहा जण जमलो. एका कडेखाली ट्रकचे जुने टायर, त्यावर तरट. "सोडू नोका, सोडू नोका!" करत होडकं कडेवर उभं केलं आणि हात भरून आले म्हणून क्षणभर तसंच धरलं. पोट मला पहिल्यांदाच दिसलं: पेन्सिलीचे आकडे, सरसासारखे गोठलेले इपॉक्सीचे थेंब, कोपऱ्यात एक पीस. त्या घडीला ते छप्परही नव्हतं, होडीही नव्हतं.

मदतीला आलेल्या मिस्त्रींनी 'मिलिंद प्रश्न' हा बौद्ध ग्रंथ वाचलेला. चहा पिताना म्हणाले, "नागसेनानं राजाले इचारलं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सगळ्याले नाहीच उत्तर. रथ हे नुसतं नाव."

मला हे पूर्ण पटत नाही. नागसेनानं रथाचे भाग एकेक करून विचारले. इथं तर एक खिळा वाढला नाही, एक कमी झाला नाही. सकाळी जे छप्पर होतं ते दुपारी होडी झालं. म्हणजे वस्तू भागांत नसली तरी नुसत्या नावातही नसावी, ती कुठं तोंड करून आहे यातही थोडी असावी. गीतेतला अश्वत्थ मुळं वर करून उभा आहे, त्याला कुणी सुलटा करायला जात नाही. उलटं कुणाच्या हिशेबानं, हाही प्रश्न आहेच.

मिस्त्री म्हणाले, "पाण्यात टाकल्याबिगर होडी म्हणू नोका." मग काठावर ओढून ठेवलेल्या डोंग्याला काय म्हणायचं, यावर ते नुसते हसले.

होडी पाण्यात टाकायला पुढच्या आठवड्यात सापन धरण गाठायचं होतं. त्या रात्रीच अवकाळी पाऊस आला. सकाळी बघतो तर होडीत चार बोटं पाणी, आणि कोंबड्या कडेवर ओळीनं बसून आत वाकून बघत होत्या. मिस्त्रींनी डालड्याचा रिकामा डबा माझ्या हातात दिला.