मूठ कशाची असावी?

घडीच्या चाकूचं पातं पोलादाचं असावं याबद्दल सहसा कुणी भांडत नाही. भांडण होतं ते मुठीवरून. चाकू, कात्री, स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायचं हत्यार असं सगळं एकात घडी घालून ठेवलेल्या मल्टिटूलला मूठ धातूची असावी की प्लास्टिकची? प्रश्न खरं तर खरेदीचा आहे. किंमत बघायची, पकड बघायची, घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण मी ज्यांना ज्यांना हा प्रश्न विचारला, त्यांतल्या बहुतेकांनी खरेदीच्या भाषेत उत्तर दिलंच नाही, नीतीच्या भाषेत दिलं. धातू म्हणजे खरा, अस्सल, प्रामाणिक. प्लास्टिक म्हणजे नकली, फसवं, हलकं. 'हलकं' हा शब्द मराठीत वजनालाही चालतो आणि लायकीलाही, त्यामुळे प्लास्टिकची बाजू बोलायला सुरुवात करण्याआधीच पडलेली असते.

मला इथे तेवढंच तपासायचं आहे. मुठीच्या पदार्थाला चारित्र्य असतं का? आणि नसेल, तर आपण जे बोलतो ते नक्की कशाबद्दल असतं?

धातूबद्दलचा आदर आपल्याकडे कुठून येतो हे शोधायला लांब जावं लागत नाही. मी छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत वाढलो. आमच्या घरात, आणि बहुधा तुमच्याही, स्टीलच्या डब्यांवर आणि तांब्यांवर नावं कोरलेली आहेत: कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी दिलं. पितळेचं पातेलं गळायला लागलं तरी फेकलं जायचं नाही, त्याची मोड यायची. भंगारवाला लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांचे वेगवेगळे भाव सांगायचा आणि प्लास्टिककडे नाक मुरडून बघायचा. म्हणजे धातूची वस्तू ही नुसती वस्तू नव्हती, ती थोडीशी बचतही होती. मेल्यावरही काहीतरी देऊन जाणारी. अशा घरात वाढलेल्या माणसाला धातू 'खरा' वाटतो यात नवल नाही. फक्त हा आदर जसाच्या तसा खिशातल्या चाकूवर चढवताना एक गोष्ट निसटते: चाकूच्या मुठीवर ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे असतात. त्यांची मोड किती येणार?

टिकाऊपणाचा मुद्दा उरतो. तो फौजेवर सोपवून बघू. छावणी या शब्दातच फौज आहे आणि फौजेला टिकाऊपणातलं कळत नाही असं कुणी म्हणणार नाही. कार्ल एल्सनर यांनी 1884 साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे सुऱ्या-चाकूंचा कारखाना काढला आणि 1891 साली स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. पुढे हीच कंपनी व्हिक्टोरिनॉक्स झाली. पहिल्या सैनिकी चाकूची मूठ लाकडाची होती. 1908 च्या नमुन्यात लाकूड जाऊन फायबर आलं. 1961 साली ॲल्युमिनियम आलं, बारीक चौकटींची खरबरीत नक्षी असलेलं, आणि ते जवळजवळ अर्धं शतक टिकलं. मग 2008 साली त्याच सैन्याने ॲल्युमिनियम सोडून पुन्हा प्लास्टिकची, हातातून न सटकणारी मूठ घेतली. चाकूही 93 मिलीमीटरवरून 111 मिलीमीटरवर गेला. आता ब्रिटिश सैन्याकडे बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या घडीच्या चाकूवर काळ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या खरबरीत पट्ट्या होत्या. युद्धानंतर त्यांनी त्या काढल्या आणि अख्खा चाकूच स्टेनलेस स्टीलचा केला. एक फौज धातूकडून प्लास्टिककडे गेली, दुसरी प्लास्टिककडून धातूकडे. दोघींनाही शिपायाच्या खिशात टिकणारी वस्तूच हवी होती. तेव्हा 'टिकाऊ म्हणजे धातू' हे समीकरण फौजेलाही पटलेलं दिसत नाही.

'खरा' आणि 'नकली' यांचंही तसंच आहे. ॲल्युमिनियमच्या ज्या मुठीला व्हिक्टोरिनॉक्स 'ॲलॉक्स' म्हणते, तिचं नाव ॲल्युमिनियम ऑक्साइडवरून आलेलं आहे. ॲनोडायझिंग करताना धातू आम्लात बुडवून त्यातून वीज सोडतात, आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर चढतो. माणिक आणि नीलम हेही मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच. म्हणजे धातूची मूठ हातात धरली म्हणून आपण सुखावतो तेव्हा बोटं धातूला लागलेलीच नसतात, त्याच्या ऑक्साइडला लागलेली असतात. उलट त्याच कंपनीच्या ओळखीच्या लाल मुठी ज्या सेलिडॉर नावाच्या प्लास्टिकच्या असतात, ते सेल्युलोजपासून बनतं. सेल्युलोज म्हणजे लाकडाचा लगदा, नाहीतर सरकीला चिकटून राहिलेले कापसाचे आखूड तंतू. नाशिकच्या टापारियाची पक्कड ज्या घरात आहे त्यांनी तिच्या मुठीवरचं आवरण हाताळलेलंच आहे, तेही सेल्युलोज ॲसिटेटचं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो. लाल मूठ त्याच दांड्याची शहरात जाऊन शिकलेली नात आहे. तिला परकी म्हणायचं कारण नाही.

मग फरक कशात आहे? माझ्या मते पदार्थात कमी आणि जोडणीत जास्त. सेलिडॉरची मूठ चाकूच्या सांगाड्यावर बाहेर आलेल्या खिळ्यांच्या डोक्यांवर दाबून बसवलेली असते. तडकली तर पात्याच्या पातळ कडेने जपून उचकटता येते आणि नवी दाबून बसवता येते. बाकी चाकूला कळतसुद्धा नाही. तिची जाडी जास्त असते म्हणून तिच्यात दात कोरायची काडी आणि चिमटा मावतो. ॲलॉक्सच्या पातळ मुठीत ते मावत नाहीत. आणि ॲलॉक्सची मूठ आरपार रिव्हेटने ठोकलेली असते. ती बदलायची तर रिव्हेट काढायचे, म्हणजे चाकू पूर्ण मोडायचा.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. आमच्याकडेही दोन प्रकारचे चांगले प्रोग्राम असतात. एक वर्षानुवर्षं बंद पडत नाही, पण पडला की कुणालाच उघडता येत नाही. दुसरा अधूनमधून बिघडतो, पण बिघडलेला तुकडा काढून दुसरा बसवता येतो. पहिल्याला आपण 'मजबूत' म्हणतो आणि मान देतो. दुसऱ्याला मान देत नाही, कारण तो पुन्हा पुन्हा आपल्याला कामाला लावतो. न मोडणं आणि दुरुस्त होणं हे दोन वेगळे गुण आहेत, आणि आपण पहिल्यालाच गुण समजतो. धातूचं जे कौतुक आपण करतो, त्यातला मोठा भाग 'हिच्याकडे मला परत बघावं लागणार नाही' या सुखाचा असतो. ते सुख वाईट नाही. पण त्याला प्रामाणिकपणा म्हणू नये.

इथवर येऊन प्लास्टिकच्या बाजूने निकाल देणं सोपं होतं. पण हा हिशेब इबाखमध्ये बसून केलेला आहे. छावणीत बसून केला तर आकडे बदलतात. सुटी लाल मूठ इथल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मला मिळालेली नाही. बाहेरून मागवायची तर मुठीच्या किमतीत पाठवणीचा खर्च मिळवावा लागतो. उलट ॲल्युमिनियमच्या मुठीला पोचा आला, तर लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सरळ करणारा माणूस चार गल्ल्यांवर सापडतो. तेव्हा दुरुस्त होणं हा वस्तूचा गुण असतो असं म्हणणंही अपुरं आहे. तो वस्तू आणि गाव यांच्यातला संबंध असतो. तीच मूठ एका गावात दुरुस्त होणारी आणि दुसऱ्या गावात फेकून द्यायची असते.

दुसरी अडचण माझ्या मामांनी दाखवली. ते वाळूजच्या एका कंपनीत तीसेक वर्षं इलेक्ट्रिशियन होते. ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही भाचे-पुतण्यांनी वर्गणी काढून त्यांना मल्टिटूल द्यायचं ठरवलं. मावसभावाचं म्हणणं होतं की धातूचंच द्यावं, प्लास्टिक देणं बरं दिसत नाही. मी प्लास्टिकच्या बाजूने होतो. मामांच्या बोटांत आता पूर्वीचा जोर नाही, आणि मे महिन्यात डिकीत ठेवलेली धातूची मूठ हाताला चटका देते. ॲल्युमिनियम अशा प्लास्टिकपेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे दोन्ही मुठी तेवढ्याच तापल्या तरी चटका धातूचाच लागतो. शेवटी आम्ही मामांनाच विचारलं. त्यांनी दोन्ही हातात घेतली, लाल मुठीच्या कडेची फट बघितली आणि म्हणाले, "हे मला नको रे. हे इन्सुलेशनसारखं दिसतं आणि इन्सुलेशन नाही. आत सगळं लोखंड आहे, कडेने बोट लागतंच. लोखंडाचं हातात असलं की माणूस आधी मेन बंद करतो. याच्यावर विश्वास टाकून बसतो."

मामा म्हणत होते ते बरोबर आहे. विजेच्या कामाच्या हत्यारांना वेगळी चाचणी असते. ती पास झालेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्टचा आकडा छापलेला असतो. खिशातल्या चाकूच्या प्लास्टिकवर तो नसतो, कारण ते प्लास्टिक त्यासाठी नाहीच. पण हात आकडा वाचत नाही. पक्कडीवरच्या आवरणाची तीस वर्षांची सवय असलेला हात तसाच स्पर्श झाला की निर्धास्त होतो. धातू इथे खरोखरच प्रामाणिक ठरतो, मात्र तो अस्सल आहे म्हणून नाही. 'मी तुला वाचवणार नाही' हे तो हाताला आधीच सांगतो म्हणून. त्याच मुठीने एखाद्या शिंप्याला किंवा माळ्याला कोणतंही खोटं आश्वासन दिलं नसतं. खोटेपणा प्लास्टिकमध्ये नव्हता; मामांच्या हाताला जे ठाऊक होतं आणि त्या मुठीला जे करता येत होतं, त्यांच्या मधल्या फटीत तो होता. आम्ही धातूचं घेतलं. मावसभाऊ खूश झाला, पण त्याच्या कारणासाठी ते घेतलं नव्हतं. तळपायाच्या कातडीला भेगा पडतात त्याची काळजी जशी ज्याची त्याला, तशी मुठीची निवड जिच्यावर रोज हात पडणार त्याची.

म्हणून 'मूठ कशाची असावी' याचं एकच उत्तर देता येत नाही, पण कोणते प्रश्न विचारायचे ते सांगता येतं. ती हाताला काय सांगते, आणि ते खरं आहे का? मोडली तर काय मोडतं, नुसती मूठ की सगळंच? आणि ती जोडून देणारा माणूस माझ्या गावात आहे का? 'धातू की प्लास्टिक' याचं उत्तर या तिन्हींच्या नंतर येतं.

यातला तिसरा प्रश्न एकट्या गिऱ्हाइकाच्या हातात नाही. छावणीत दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. अशा बाजारांत कुऱ्हाड घ्यायला आलेला शेतकरी लोखंड एकीकडे आणि दांडा दुसरीकडे घेऊ शकतो. दांडा मोडला तर तो कुऱ्हाड फेकत नाही, पुढच्या बाजाराला नवा दांडा आणतो. त्या दांड्याला प्रतिष्ठा नसते, त्याच्यावर कुणी नाव कोरत नाही, पण तो सुटा मिळतो. 2022 साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली होती. खिशातला चाकू त्यांत बसत नाही, आणि एवढ्याशा वस्तूसाठी कायदा करावा असं माझं म्हणणंही नाही. पण जो दुकानदार मल्टिटूल विकतो त्याने काउंटरखाली चार सुट्या मुठीही ठेवाव्यात, एवढं तर आपण मागू शकतो. पुढच्या वेळी दुकानात गेलात की किंमत विचारण्याआधी हे विचारून बघा. दुकानदार हसेल कदाचित. पण पाच-दहा जणांनी विचारलं तर तो मागवेल.