सिस्टीम घेत नाहीये

कॉलेजात गेलेल्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. परीक्षेचा फॉर्म असो, शिष्यवृत्ती असो की नावातली दुरुस्ती असो, खिडकीपलीकडून "सिस्टीम घेत नाहीये" आलं की बोलणं संपतं. क्लार्कशी हुज्जत घालता येते, त्याला विनवता येतं, त्याच्या वरच्या साहेबांकडे जाता येतं. सिस्टीमशी काय बोलणार?

या वाक्यात कर्ता सिस्टीम आहे. प्रत्यक्षात सिस्टीम काही घेत नाही आणि नाकारतही नाही. कुणीतरी परिपत्रकात एक तारीख लिहिते, दुसरं कुणी ती डेटाबेसमध्ये भरतं, आणि तिसरं कुणी 'या वेळेनंतर बटण बंद' ही अट कोडमध्ये लिहितं. त्या तिसऱ्यांपैकी मी एक. विद्यापीठांच्या वेबसाइट्स, परीक्षा अर्ज आणि निकालाच्या प्रणाली बनवणं आणि त्या चालू ठेवणं हे माझं काम आहे. त्यामुळे एक प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे: नियम कोडमध्ये उतरवताना त्यात अपवादाला जागा ठेवायची की नाही?

'नाही' म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडते, कारण ती खरंच भक्कम आहे. ऑनलाइन फॉर्म येण्याआधी अपवाद भरपूर होते, पण ते वशिल्याने मिळायचे. ज्याचे काका विद्यापीठात ओळखीचे, त्याचा फॉर्म मुदतीनंतरही 'आत सरकायचा'. ज्याचं कुणी नाही, तो एका शिक्क्यासाठी मजुरीचा दिवस बुडवून एसटीने यायचा आणि "साहेब जेवायला गेलेत" ऐकून परत जायचा. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीला वेबसाइटने मोठी गोष्ट दिली. तिचा फॉर्म आणि संस्थाचालकाच्या मुलाचा फॉर्म एकाच रांगेत आला. मशीनला आडनाव कळत नाही, ओळख कळत नाही, चिरीमिरी घेता येत नाही. माझे काही सहकारी म्हणतात, "एक चावी दिलीस की संध्याकाळपर्यंत तिच्या दहा झालेल्या असतात." हे मला खोटं वाटत नाही.

पण निःपक्षपाती असणं आणि न्याय्य असणं ही एकच गोष्ट आहे का?

एक नेहमीचा प्रसंग घ्या. परीक्षा फॉर्मचा शेवटचा दिवस, रात्री 11.40. विद्यार्थी यूपीआयने फी भरतो. खात्यातून पैसे जातात. बँकेकडून पेमेंट गेटवेला आणि तिथून विद्यापीठाच्या सर्व्हरला 'पैसे मिळाले' असा निरोप यायचा असतो. शेवटच्या तासाच्या गर्दीत तो निरोप अडकतो. स्क्रीनवर 'पेंडिंग' दिसतं. बारा वाजता खिडकी बंद होते. दुसऱ्या दिवशी हिशेब जुळवताना दिसतं की पैसे वेळेत निघाले होते. पण प्रणालीच्या दृष्टीने त्या मुलाने फॉर्म भरलेलाच नाही, म्हणून हॉल तिकीट नाही. प्रणालीने कुणाशीही भेदभाव केलेला नाही. तरीही एका माणसाचं सत्र अशा कारणाने जातं, ज्यात त्याची काहीच चूक नाही.

दुसरं उदाहरण आणखी साधं आहे. फॉर्ममध्ये आडनावाच्या रकान्यापुढे लाल फुली असते, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण भारतात एकच नाव लावणारी माणसं आहेत. ती काय करतात? टिंब टाकतात, किंवा तेच नाव दोनदा लिहितात. मग ते टिंब गुणपत्रिकेपर्यंत पोचू शकतं आणि नोकरीच्या वेळी कागदपत्रं जुळत नाहीत. आडनाव सक्तीचं असल्याचा ठराव यासाठी कुठल्याही समितीने केलेला नसतो. फॉर्म बनवताना कुणीतरी तसं गृहीत धरलं आणि तोच नियम झाला. क्लार्कने असा नियम स्वतःच्या मनाने लावला असता तर आपण त्याला जाब विचारला असता. लाल फुलीला कोण विचारणार?

ही अडचण संगणकापेक्षा फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या पाचव्या भागात तिच्यावर लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कायदा सर्वांसाठी असतो, म्हणून तो ढोबळच असणार. तो ज्यात बसत नाही असं एखादं प्रकरण येणारच. त्यात कायद्याचा दोष नाही आणि तो करणाऱ्याचाही नाही. जगातले व्यवहारच तसे आहेत. अशा वेळी, कायदा करणारा स्वतः इथे हजर असता तर त्याने काय ठरवलं असतं, ते पाहून दुरुस्ती करावी. लेस्बॉसच्या बांधकामात वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला तो देतो. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते.

आम्ही बनवतो ती पट्टी वाकत नाही. पण ती खरंच कधीच वाकत नाही का?

सर्व्हर बसला आणि हजारो मुलं अडकली की काय होतं? दुपारपर्यंत 'मुदतवाढ' जाहीर होते. डेटाबेसमधली एक तारीख बदलायला मिनिटही लागत नाही. म्हणजे सिस्टीम घेऊ शकत होती. फरक एवढाच की हजारोंची अडचण ही विद्यापीठाची अडचण ठरते आणि एकट्याची अडचण त्याची स्वतःची. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी ऑनस्क्रीन पद्धतीने केली आणि निकाल रखडले, तेव्हा राज्यपालांनी मुदत घालून दिली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. गोंधळ मोठा होता, म्हणून 'सिस्टीम' या शब्दामागचा माणूस शोधला गेला. एकाच मुलाचं वर्ष गेलं असतं तर तो शोध कुणी घेतला असता?

शिवाय पडद्यावर बंद असलेलं दार मागून बऱ्याचदा उघडं असतं. कुठल्याही प्रणालीत कुणाकडे तरी थेट डेटाबेसमध्ये शिरण्याचा अधिकार असावाच लागतो, नाहीतर ती दुरुस्तच करता येणार नाही. मग वरून फोन येतो, "एवढं एक करून द्या." एक ओळीची कमांड चालते आणि मुदत संपलेला फॉर्म 'वेळेत भरलेला' दिसायला लागतो. कारणाची नोंद नाही, मंजुरी देणाऱ्याचं नाव नाही. म्हणजे वशिला संपला नाही, त्याने फक्त खोली बदलली. पूर्वी तो खिडकीवर होता आणि रांगेतल्या माणसाला निदान दिसायचा. आता तो सर्व्हर रूममध्ये आहे.

म्हणून मला वाटतं, 'अपवाद असावा का' हा प्रश्नच चुकीचा आहे. अपवाद असतोच. प्रश्न आहे तो उजेडात ठेवायचा की अंधारात.

गंमत म्हणजे विद्यापीठांच्या कायद्याला हे ठाऊक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी, एरवी दुसऱ्या प्राधिकरणाने घ्यायचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार देतो. पण त्यांनी त्यामागची कारणं लेखी नोंदवून त्या प्राधिकरणाला लवकरात लवकर कळवावी लागतात. ग्रेस मार्कांचंही असंच. दोन मार्कांनी कुणाचं वर्ष जाऊ नये ही दया विद्यापीठांनी नियमात लिहून ठेवली आहे, म्हणून ती ओळखीशिवाय मिळते. कागदावरच्या कायद्याला जे जमलं, ते आमच्या कोडला का जमू नये?

तांत्रिकदृष्ट्या त्यात अवघड काही नाही. फॉर्म अडला की त्याच स्क्रीनवर 'माझी अडचण वेगळी आहे' असं बटण हवं. ते त्याच स्क्रीनवर हवं, कारण अपवाद मागता येतो हे फक्त ओळखीच्यांनाच माहीत असेल तर तो पुन्हा वशिलाच झाला. अर्ज एकाने तपासावा, मंजुरी दुसऱ्याने द्यावी. दोघांची नावं, वेळ आणि कारण अशा नोंदीत जावं, जी नंतर कुणालाही पुसता येणार नाही. दर महिन्याला किती अपवाद मागितले गेले, किती दिले, कोणत्या कारणांसाठी दिले, हे विद्यार्थ्यांची नावं वगळून वेबसाइटवर टाकावं. आणि एकाच कारणासाठी चाळीस अपवाद द्यावे लागले, तर तो नियमच चुकला आहे असं समजून नियम बदलावा. सक्तीच्या आडनावाची लाल फुली अशीच निघेल.

हे सुचवलं की बैठकीत शांतता पसरते. अडचण खर्चाची नसते. नाव लिहायचं म्हणजे उद्या जाब द्यावा लागणार, आणि 'सिस्टीम घेत नाहीये' म्हणताना तो द्यावा लागत नाही. हे फक्त अधिकाऱ्यांचं आहे असं नाही. आम्हा इंजिनिअरांनाही 'रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं' म्हणणं सोयीचं असतं. आणि खिडकीवरचा क्लार्क? त्याला तर दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागतात, आणि हातात काहीच अधिकार नसतो.

मोजून दिलेल्या अपवादाचाही गैरवापर होईल, हे मला मान्य आहे. कुणीतरी खोटं कारण देईल, कुणीतरी ते मंजूर करेल. पण त्याचं नाव तिथे असेल आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी विचारेल. आज चुकीच्या नकाराचा हिशेब कुठेच नसतो. ज्याचा फॉर्म अडला तो मुलगा आमच्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही, कारण सबमिट न झालेला फॉर्म आम्ही मोजतच नाही. सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते. शेवटच्या दिवशी किती फॉर्म भरले गेले याबरोबर किती जण अर्ध्यावर अडले, हाही आकडा रोज सकाळी परीक्षा विभागाच्या टेबलावर जायला हवा.